पावसातले १९३ अंश

दोनशे अंशांना तापलेल्या ड्रममध्ये कॉफीचे हिरवे दाणे सोडले की पडद्यावरचा आकडा खाली यायला लागतो. १९०, १७०, १४०, ११०. मिनिट-सव्वा मिनिट तो घसरतच राहतो, नव्वदच्या आसपास थबकतो आणि मग हळूहळू वर चढू लागतो. कॉफी भाजणारे या जागेला टर्निंग पॉइंट म्हणतात आणि नोंदवहीत न चुकता लिहून ठेवतात. पण ड्रममधला एकही दाणा त्या सव्वा मिनिटात थंड झालेला नसतो. अठ्ठावीस-तीस अंशांना आत गेलेला दाणा पहिल्या क्षणापासून तापतच असतो. थंड होत असतो तो प्रोब, म्हणजे ड्रममध्ये खोचलेला तापमापक. रिकाम्या ड्रमच्या गरम हवेत बसून तो तापला होता, त्याच्या अंगावर अचानक गार दाण्यांचा ढीग आला, म्हणून त्याचा आकडा उतरला. दाणे चढतायत, प्रोब उतरतोय, आणि दोघांची गाठ पडते तिथे रेघ वळते.

मला कॉफी भाजण्याविषयी जे सांगायचंय ते सगळं या वळणापाशी सुरू होतं. तापमापक समोरच्या वस्तूचं तापमान सांगतो असं आपण धरून चालतो. तो सांगतो ते फक्त स्वतःचं तापमान. तापात थर्मामीटर काखेत दोन-तीन मिनिटं धरून ठेवायला सांगतात ते याचसाठी, की तो आपल्याइतका गरम होईपर्यंत थांबावं. रोस्टरमध्ये तसं थांबायला सवड नसते. दाणा दर मिनिटाला आठ-दहा अंशांनी पुढे जात असतो आणि प्रोब त्याच्या मागोमाग येत असतो. तो नेमका किती मागे आहे, हे ज्याला माहीत आहे त्यालाच आकडा वाचता येतो.

फोंड्याजवळच्या आमच्या गावात, घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड आहे. तिथे गॅसवर चालणाऱ्या एक किलोच्या ड्रम रोस्टरवर मी कॉफी भाजते. गोवा हे मुळात चहाचं राज्य. आमच्याकडच्या कितीतरी जुन्या हॉटेलांच्या पाट्यांवर ‘कॅफे’ असतं आणि आत टेबलावर भाजीपाव, मिरची आणि चहाचा कप. कॉफी हवी असेल तर उडुपी हॉटेल गाठायचं. तिथली स्टीलच्या वाटीतली फेसाळ कॉफी मला मनापासून आवडते, आणि तिच्याशी माझं काहीच भांडण नाही. पण ती कॉफी दुधासाठी बांधलेली आहे. दूध आणि साखर पेलायची म्हणून ती गडद भाजतात आणि तिच्यात चिकोरी घालतात. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे कपातला जवळजवळ अर्धा भाग कॉफीच नसला तरी तो नियमाला धरून असतो.

मी भाजते ती कागदी फिल्टरसाठी. जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने पितळी भांड्याच्या तळाला भोकं पाडून, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यावर ठेवून कॉफी गाळली आणि १९०८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तीच पद्धत आज जगभर घराघरात आहे. कागद कॉफीतलं तेल आणि अगदी बारीक चूर्ण अडवतो. कपात उतरते ती पातळ, स्वच्छ, उजेडात धरली तर तांबूस दिसणारी कॉफी. दूध नाही, साखर नाही. अशा कपात काही लपत नाही. भाजताना दाणा आतून कच्चा राहिला असेल तर हिरव्या भुईमुगासारखी तुरट चव पहिल्या घोटालाच कळते. जास्त गेला असेल तर राखेची कडवट छटा येते आणि मग कॉफी चिकमंगळूरची आहे की ब्राझीलची, याने काहीच फरक पडत नाही.

आणि मला तो फरक पडायला हवा आहे. आपल्याकडे कॉफी सावलीत वाढते. सिल्व्हर ओक, फणस, जंगली झाडं, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, आणि खाली कॉफीची झुडपं. मार्च-एप्रिलच्या वळवाने फुलं येतात, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तोडणी चालते. कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरला १९२५ पासून कॉफीचं संशोधन केंद्र आहे. एस. ७९५ हे वाण तिथलंच, एस. २८८ आणि केंट यांच्या संकरातून १९४० च्या दशकात आलेलं. पानांवर पडणाऱ्या तांबेऱ्याने दक्षिणेतल्या बागा १८७० पासून पोखरल्या होत्या, त्या रोगापुढे टिकेल असं झाड हवं म्हणून ही सगळी खटपट होती. एवढ्या पिढ्यांची मेहनत दाण्यात बांधून माझ्या शेडमध्ये येते आणि दहा मिनिटांत मी तिचं काय करायचं ते ठरवते. भारतीय कॉफीला चव नसते, ती फक्त दुधात चालते, असं बोलणाऱ्यांना मी एस. ७९५ हलकी भाजून, कागदातून गाळून देते. दालचिनी-जायफळाची हलकी ऊब, गुळाचा गोडवा, आणि गार होत गेली की संत्र्याच्या सालीची आठवण. ही चव दाण्यात पहिल्यापासून असते. आपण ती पिढ्यानपिढ्या धुरात घालवत आलो.

आता ड्रमकडे वळते. आठशे ग्रॅम दाणे, ड्रम १९० वर. पहिली चार मिनिटं दाणे फक्त सुकतात. हिरव्या कॉफीत साधारण दहा ते बारा टक्के पाणी असतं आणि ते उडवण्यातच बरीचशी उष्णता खर्च होते. ड्रमला एक छोटी पळी असते, ट्रायर म्हणतात तिला. ती ओढायची, चार-सहा दाणे उजेडात बघायचे, नाकाशी धरायचे, परत आत सरकवायचे. सुरुवातीला वास येतो ओल्या गवताचा, मग सुकलेल्या पेंढ्याचा. माझ्या यंत्रावर आकडा १५० च्या जवळ आला की हिरवट छटा पूर्ण गेलेली असते आणि सगळे दाणे एकसारखे फिक्या हळदीच्या रंगाचे झालेले असतात. इथून पुढे वास पालटतो. पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीवरून जाताना जो येतो ना, उंड्यांच्या पाठी तांबूस होत असतानाचा, तोच. आणि तो तोच असायला कारण आहे. पावाच्या सालीत जे घडतं तेच दाण्यात घडत असतं. साखर आणि अमिनो आम्लं उष्णतेत एकमेकांशी जुळतात, रंग येतो, शेकडो वास जन्माला येतात. लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया पहिल्यांदा मांडली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

१७० च्या पुढे दाणा तपकिरी होतो, अंगावर सुरकुत्या धरतो, पोटाच्या चिरेतलं चंदेरी साल सुटून चॅफच्या, म्हणजे सालपटांच्या, खान्यात उडू लागतं. मग एक क्षण असा येतो की पळी नाकाशी नेली तर वास किंचित टोचतो. गोड आहे, पण त्यात व्हिनेगरची धार आहे. ती धार आली की क्रॅक अर्ध्या मिनिटावर आहे असं मी समजते. दाण्याच्या पेशींमध्ये वाफ आणि कार्बन डायऑक्साइड कोंडलेले असतात, दाब वाढत जातो, आणि शेवटी भिंती फुटतात. टक्. मग दोन-तीन. मग सगळीकडून. हा फर्स्ट क्रॅक. दाणा फुगतो, सुरकुत्या पसरतात. माझ्या पडद्यावर त्या वेळी १९३ असतं. तिथून सव्वा मिनिटाने, २०४ ला, मी झडप उघडते आणि दाणे कूलिंग ट्रेमध्ये सोडते. याच वाटेवर पुढे, २२५ च्या आसपास, सेकंड क्रॅक असतो, बारीक, घाईचा आवाज. फिल्टरची कॉफी भाजणाऱ्याने तिथे जायचं काम नाही. क्रॅकनंतरचे ते दहा-अकरा अंश म्हणजे सगळा व्यवहार. त्यात दाण्यातली साखर झपाट्याने संपत असते, आम्लं मोडत असतात, कडवटपणा चढत असतो. तीन अंश आधी काढली तर लिंबासारखी तीक्ष्ण, तीन अंश उशिरा काढली तर चॉकलेटकडे झुकलेली. दोन्ही वाईट नाहीत. पण कोणती हवी ते आधी ठरवलेलं असावं आणि ती मिळवता यावी.

आकडे दिले खरे, पण ते माझ्या यंत्राचे आहेत. ते कुणी उचलून आपल्या यंत्राला लावू नयेत.

चिकमंगळूरच्या बाजूला माझे एक बागायतदार स्नेही आहेत, वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांना मी अण्णा म्हणते. माझ्याकडे येणारा माल त्यांच्याच बागेतला, आणि त्याच पोत्यातली थोडी कॉफी ते तिकडे स्वतः भाजतात. एकदा फोनवर बोलता बोलता म्हणाले, “अगं, एकशे त्र्याण्णवला कसा क्रॅक होईल? माझा दोनशे एकला होतो. तुझा प्रोब बघून घे एकदा.”

मी म्हटलं, “अण्णा, तुम्हीही तुमचा बघा. दोघं बघू.”

बघण्याची रीत सोपी आहे. कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी एका भांड्यात घालून त्यात प्रोब बुडवायचा, शून्य यायला हवं. मग उकळत्या पाण्यात. आमचं गाव समुद्रसपाटीपासून फारसं उंच नाही, इथे पाणी १०० ला उकळतं. त्यांची बाग हजार मीटरवर, तिथे ९७ च्या जरा खाली. दोघांचे प्रोब जिथल्या तिथे बरोबर निघाले. तरीही एकाच दाण्याचा क्रॅक इकडे १९३ आणि तिकडे २०१.

यात कुणीच खोटं बोलत नव्हतं. आमचे दोघांचेही प्रोब के टाइप थर्मोकपल आहेत. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं तर किंचित विद्युतदाब तयार होतो, हे झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये पाहिलं. के टाइपमध्ये तो दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट एवढा सूक्ष्म असतो. तो मोजून यंत्र अंश दाखवतं. आता ते टोक पोलादी नळीत बंद असतं. माझी नळी सहा मिलिमीटर जाडीची, अण्णांची तीनची. जाड नळी तापायला वेळ घेते, म्हणून माझा आकडा दाण्याच्या बराच मागे चालतो. शिवाय माझा प्रोब दाण्यांच्या ढिगात खोलवर रुतलेला आहे, त्यांचा जरा वर आहे. ढिगाच्या वर ड्रममधली हवा दाण्यांहून कितीतरी गरम असते, ती त्यांच्या आकड्यात मिसळते. ड्रममध्ये निम्माच माल घातला तर माझाही प्रोब उघडा पडतो आणि माझंही १९३ उरत नाही. हे समजल्यावर अण्णा म्हणाले, “म्हणजे तुझा आकडा तुझ्याकडे, माझा माझ्याकडे.” तेव्हापासून आम्ही एकमेकांना अंश विचारत नाही. क्रॅकपासून काढेपर्यंत आकडा किती चढला, किती वेळ लागला आणि वजन किती घटलं, एवढंच विचारतो. शंभर ग्रॅम हिरवे दाणे घातले आणि अठ्ठ्याऐंशी हातात आले, तर ते तिकडेही अठ्ठ्याऐंशीच असतात. तराजूला ड्रममधल्या हवेशी काही देणंघेणं नसतं.

लोक इन्फ्रारेड गनही वापरतात. चुलीवर, कढईत भाजणाऱ्यांना ती सोयीची आहे, पण ती फक्त पृष्ठभाग वाचते. आणि ड्रमच्या काचेतून ती धरली तर ती काचेचंच तापमान सांगते, कारण त्या लहरी साध्या काचेतून पार जात नाहीत.

गोव्यात कॉफी भाजणाऱ्याची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. भिंतींना ओल, मीठ पाझरलेलं, कपाटातल्या चपलांवर बुरशी. हिरवी कॉफी हवेतली ओल शोषते. पोतं उघडं राहिलं तर अकरा टक्क्यांचा माल पंधराच्या वर जायला वेळ लागत नाही. मंगळूरच्या किनाऱ्यावर हेच मुद्दाम करतात. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना मलबारची कॉफी महिनोन्‌महिने दमट हवेत असायची, फुगायची, पिवळट पडायची, आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. जहाजं वेगवान झाली, १८६९ मध्ये सुएझचा मार्ग खुला झाला, प्रवास आटला आणि ती चवही गेली. मग ती परत आणायला किनाऱ्यावरच्या मोकळ्या शेडमध्ये दाणे पसरून, पावसाळी वारा खेळवत, ते तीन-चार महिने मुरवायला सुरुवात झाली. मॉन्सून्ड मलबार ती हीच. तिची आंबट धार जवळजवळ गेलेली असते, दाणा पोकळ आणि हलका झालेला असतो. जाणकार हातांनी केलेलं ते काम आहे, आणि एस्प्रेसोत ती सुरेख लागते. पण मला कागदी फिल्टरमध्ये जी धार हवी असते, नेमकी तीच तिथे उरलेली नसते. म्हणून माझ्या शेडमध्ये पावसाने हात घालू नये, यासाठी माझी धडपड असते.

आमच्याकडे पुरुमेंताची रीत आहे. मे संपायच्या आत सुकी मासळी, मिरच्या, सोलं, चिंच, सगळं भरून ठेवायचं. माझ्या पुरुमेंतात कॉफीही असते. तोडणी संपून, कॉफी सोलून-निवडून माल मार्च-एप्रिलकडे तयार होतो, तो मेमध्ये घाट उतरून येतो. आला की लगेच जाड, हवाबंद पिशव्यांत, वर गोणपाट, जमिनीपासून वर फळीवर. दर पंधरवड्याला ओलावा मोजायचा. एवढं करूनही ऑगस्टपर्यंत टक्का-दोन टक्के चढतोच. दोन टक्के म्हणजे किलोमागे वीस ग्रॅम पाणी. ते उडवायला सुमारे पंचेचाळीस किलोज्यूल जास्त लागतात. गॅस एप्रिलमध्ये होता तेवढाच ठेवला तर दाणे पिवळे व्हायलाच चाळीस-पन्नास सेकंद उशीर होतो आणि पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं.

आणि मग पत्रे. आषाढातल्या सरी शेडवर कोसळायला लागल्या की हातभर अंतरावरचं बोलणं ऐकू येत नाही. ड्रमच्या काचेला कान लावला तरी क्रॅक ऐकू येत नाही. फर्स्ट क्रॅक हा रोस्टच्या सगळ्या हिशेबाचा शून्य मैल. नेमका तोच दगड दिसेनासा होतो.

अशा वेळी घड्याळावर विसंबता येत नाही, कारण ओलाव्याने वेळ सरकवलेली असते. पण आकडा सरकत नाही, किंवा अंशभरच सरकतो. तोच प्रोब, त्याच भोकात, तितक्याच खोल, तितक्याच मालात. कोरड्या महिन्यांत प्रत्येक वेळी कानाने क्रॅक ऐकला तेव्हा त्याने १९३ दाखवलं होतं, म्हणून आता पावसात त्याने १९३ दाखवलं की आत टकटक सुरू झाली आहे असं मी धरते. पळी काढून नाकाशी नेते, ती टोचरी धार होती आणि आत्ताच गेली, दाण्याची चीर उघडलेली दिसते. आकडा, नाक आणि डोळा तिघं एकच सांगत असतील तर मी घड्याळ सुरू करते. तो १९३ दाण्याच्या पोटातलं खरं तापमान नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरीही त्या आकड्यावर माझा जेवढा भरवसा आहे तेवढा दुसऱ्या कशावर नाही. कारण तो माझ्या उन्हाळ्यांनी भरलेला आहे.

“नाकाला कळतं ते यंत्राला काय कळणार,” असं कौतुकाने म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. धुराच्या शेडमध्ये नाक काही मिनिटांत बधिर होतं. पहिल्या भाजणीला ओल्या पेंढ्याचा वास जितका स्वच्छ येतो तितका चौथीला येत नाही. आणि नाकाला कालचं आठवत नाही. काल ही धार आजच्यापेक्षा किती तीक्ष्ण होती, हे कुणीही शपथेवर सांगू शकणार नाही. वहीत लिहिलेला आकडा मात्र जसाच्या तसा राहतो. उलट बाजूचे लोकही भेटतात. ते लॅपटॉपवर आर्टिसन हे भाजणीची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सुरू करतात आणि चढाच्या वेगाची, म्हणजे रेट ऑफ राइझची रेघ गुळगुळीत उतरावी म्हणून सतत गॅसची कळ फिरवत बसतात. ती रेघ उपयोगाची आहे, मीही बघते. पण क्रॅकच्या तोंडाशी ती अनेकदा एकदम खाली कोसळते. त्या वेळी दाण्यांतून वाफ बाहेर पडत असते. कोसळण्यातलं किती दाण्याचं आणि किती प्रोबभोवती फिरणाऱ्या वाफेचं, हे रेघ वेगळं करून सांगत नाही. तिला वर उचलायला गॅस वाढवला तर दाण्याची पाठ करपते. रेघ सुंदर आणि कप कडू. कपात उतरली नाही ती रेघ मला कशाला हवी?

भावाचा मुलगा कॉलेजातून सुटीला आला की शेडमध्ये येतो. हात चांगला आहे त्याचा. गेल्या चवथीच्या सुटीत त्याला पळीजवळ उभं केलं होतं. सर नुकतीच थांबली होती, क्रॅक स्वच्छ ऐकू येत होता.

“आत्या, दोनशे चार झालं. काढू?”

“वास घे आधी.”

“अगं, पण दोनशे पाच होईल.”

“होऊ दे. काय वास येतो ते सांग.”

त्याने पळी ओढली, डोळे मिटले. “पाव गेला,” म्हणाला. “आता काजू भाजल्यासारखं... आणि जरा फळासारखं.”

“मग काढ. आणि वहीत दोनशे पाच लिही, दोनशे चार नको.”

झडप उघडली, दाणे ट्रेमध्ये खळखळले, पंखा सुरू झाला. तीन-चार मिनिटांत दाणे हाताला गार लागायला हवेत, नाहीतर ते स्वतःच्या उष्णतेने आतून भाजत राहतात. पावसाळ्यात आमच्याकडे नेमक्या अशा वेळी वीज जाते, म्हणून ड्रम आणि पंखा दोन्ही इन्व्हर्टरवर टाकले आहेत. थांबलेल्या ड्रममध्ये लोखंडाला टेकलेला दाणा पाव मिनिटात काळा होतो.

हलकी भाजलेली कॉफी लगेच प्यायची नसते. दाण्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड आठवडाभर बाहेर येत राहतो. तो पुरता निघायच्या आत कॉफी गाळली तर पाणी चुऱ्यात नीट शिरत नाही, कप ओबडधोबड लागतो. मी आठ-दहा दिवस थांबते. मग पंधरा ग्रॅम कॉफी, अडीचशे मिलिलिटर पाणी, उकळी फुटल्यावर अर्धं मिनिट थांबून. हलक्या दाण्यातून चव सहज सुटत नाही, म्हणून पाणी गरमच हवं. त्या २०५ च्या कॉफीत आंबटपणा जरा मागे गेला होता आणि गुळाची चव पुढे आली होती. भाचा परत हॉस्टेलला गेला होता, त्याला फोनवर सांगितलं. म्हणाला, “मग २०५ च बरं ना?” मी म्हटलं, या पोत्याला, या ओलाव्याला, हो. पुढच्या पोत्याला परत बघू.

आता पुढच्या पावसाआधी तीन मिलिमीटरचा प्रोब बसवायचं ठरवलंय. तो चपळ आहे, क्रॅकजवळची हालचाल लवकर दाखवेल, आणि अण्णांच्या आकड्यांशी थोडं जवळचं बोलता येईल. पण जुना सहा मिलिमीटरचा काढणार नाही. फोंड्यातल्या एका फॅब्रिकेटरकडून ड्रमच्या तोंडाला, जुन्याच्या शेजारी, तितक्याच उंचीवर दुसरं भोक पाडून घेणार आहे. निदान एक पूर्ण वर्ष, एक कोरडा मोसम आणि एक पावसाळा, दोघांचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायचे. नव्या प्रोबवर क्रॅक किती अंशांना वाजतो, ओल्या मालात दोघांतलं अंतर वाढतं की तेवढंच राहतं, टर्निंग पॉइंट कुणाचा आधी वळतो. माझा अंदाज आहे की नव्याचं वळण आधी येईल आणि जास्त खोल जाईल. मार्चमध्ये माल तयार व्हायला लागेल, तेव्हा पहिलं पोतं यासाठीच बाजूला ठेवायला अण्णांना सांगून ठेवलंय.